फुग्याची वाडी आणि न बसणाऱ्या बाई

गावितबाईंचा पासपोर्ट साइजचा फोटो मी लाकडी खोक्यावर चढून काढला. कारण बाई स्टुलावर बसायला तयार नव्हत्या. डहाणू रोडला, स्टेशनच्या पूर्वेच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक निळा पडदा, लाइटच्या दोन छत्र्या, भांग पाडायला आरसा आणि एक स्टूल. त्या स्टुलावर आजवर नवरदेव बसले, परीक्षेची पोरं बसली, एकदा निवडणुकीचा एक उमेदवार बसला आणि स्टुलाचा पाय मोडला. बाई मात्र बसल्या नाहीत.

"बाई, बसा ना दोन मिनिटं."

"फोटोला दोन मिनिटं लागतात? मग तू शिकलास काय? उभ्यानेच काढ."

"उभ्याने मान सरळ येत नाही हो."

"दिनेश, तुझी मान कोणी सरळ केली होती?"

बाईंनीच केली होती. बोर्डीला शाळेत त्या आम्हाला पी.टी. शिकवायच्या आणि माझी मान तेव्हाही खिडकीबाहेर वळलेली असायची. मी मुकाट्याने खोक्यावर चढलो. पहिल्या फोटोत बाईंचा अर्धा चेहरा दाराकडे आला, कारण समोर बाईंनी केलेल्या बागेत, म्हणजे वाडीत, शेळी शिरली होती. दुसऱ्या फोटोत नुसताच पडदा आला, कारण बाई शेळीमागे गेल्या होत्या. तिसरा बरा आला. पेन्शनच्या कामाला तोच लावला. त्यात बाईंना धाप लागलेली दिसते, पण ऑफिसात कोणी काही बोललं नाही म्हणे.

उंच, काटक बाई. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात बुटाच्याच नाडीत ओवलेली स्टीलची शिट्टी. रिटायर होताना बाकीचे शाल आणि नारळ घेऊन घरी जातात, बाई शिट्टी घेऊन आल्या. डहाणूत रिक्षा चालवणारे, मच्छी विकणारे, बँकेत शिक्के मारणारे, निम्मे लोक कधी ना कधी त्या शिट्टीवर धावलेले. बाजारात ती वाजली की पन्नाशीतली माणसं आधी टाचा जुळवायची आणि मग कोणी वाजवली ते बघायची.

बोलणं तुटक. सर्वांत आवडता शब्द "हल!" रस्त्यात गाय आडवी असेल तर हल, पोस्टाच्या खिडकीवरचा माणूस मोबाइल बघत असेल तर हल, आणि मी दुकानात खुर्ची टेकवून डोळे मिटले असतील तर रस्त्यापलीकडून, "दिन्या, हल!" मी मुळात बसणाऱ्यांपैकी. फोटो स्टुडिओचा धंदा निवडला तोच मुळी त्यात बसायला मिळतं म्हणून. बाईंकडे नुसतं बघूनही मला दमायला व्हायचं.

त्या कुठेच बसत नसत. लग्नात पंगत बसली की बाई वाढायला उभ्या. हॉस्पिटलात कोणाला भेटायला गेल्या तर पेशंटच्या पायथ्याशी उभ्या, पेशंटलाच वाटायचं आपण उठावं. आमच्या घरी आल्या की माझी बायको सुनंदा खुर्ची पुढे करायची आणि बाई त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवायच्या. मग उभ्याने चहा, उभ्याने बोलणं, तेही इकडून तिकडे फिरत. सुनंदा म्हणायची, "तुमच्या बाई गेल्या की घर जागेवर आल्यासारखं वाटतं." आम्हाला वाटायचं, सवय आहे. शिपायाची सवय जशी जात नाही तशी पी.टी.च्या बाईंची जात नसेल.

माझ्या दुकानासमोर, रस्ता ओलांडला की, पूर्वी फुग्यांचा कारखाना होता. डहाणूत एके काळी असे बरेच होते. हा बंद पडला, मालक वारले, छपराचे पत्रे गेले, भिंतींच्या विटाही हळूहळू गेल्या. उरला तो मोकळा उजाड तुकडा, आणि त्यावर सगळ्या गल्लीचा कचरा. आम्ही त्या जागेकडे पाठ करून धंदा करायला शिकलो होतो.

एका एप्रिलच्या दुपारी बाई माझ्या दुकानात आल्या. बाहेर पत्र्याच्या सावलीत डोंगरातल्या सायवनकडच्या चार-पाच बायका डोक्यावरच्या टोपल्या हातात धरून उभ्या होत्या. सकाळच्या एसटीने करवंदं, भाजी, पानांचे भारे घेऊन येतात, दुपारपर्यंत माल संपतो, आणि परतीची गाडी चारनंतर. मधला वेळ कुठे काढायचा? टेकायला ओटाही कोणी देत नाही. बरेच दुकानदार दुपारी पायरीवर पाणी मारून ठेवतात, म्हणजे ओल्यात कोणी टेकत नाही.

बाई त्या बायकांकडे बघत म्हणाल्या, "दिनेश, या गावात चहा विकत न घेता बसायला मिळेल अशी एक सावली दाखव."

मी मनात गाव फिरलो. स्टेशनवर हवालदार हटकतो. देऊळ दुपारी बंद. समुद्रावर ऊन. मला दाखवता आली नाही.

"मग करू," बाई म्हणाल्या, आणि समोरच्या उकिरड्याकडे बघितलं.

मालकांची मुलगी, हेमाबेन, मुंबईला असते. तिचा नंबर कापडवाल्या मेहताकाकांकडे होता. माझ्याच दुकानातून स्पीकरवर फोन झाला. हेमाबेन नीट बोलली. म्हणाली, जागा साफ करा, झाडं लावा, माझी हरकत नाही. पण गाड्यांच्या पार्किंगसाठी एक पार्टी मागे लागली आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः येईन. तिथे बाग दिसली तर बाग राहील, नाही तर मी त्यांना हो म्हणेन.

फोन ठेवल्याबरोबर बाई दुकानात येरझारा घालू लागल्या. माझ्या दुकानात येरझारा म्हणजे तीन पावलं आणि वळण. "एक वर्ष. एक वर्षात झाड काय करतं रे? हल, कुदळ आण."

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आपोआप पडलं, फुग्याची वाडी. कारण कुदळ मारली की मातीतून लाल, निळे, पिवळे रबराचे तुकडे वर यायचे. गोळा करून संपायचे नाहीत. पाऊस पडला की आणखी वर. पहिल्या रविवारी एवढी माणसं आली की उकिरड्यात उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांनी टोपली हातात घेऊन फोटो काढले, काही मीच काढले. दुसऱ्या रविवारी निम्मी. तिसऱ्या रविवारी बाई सकाळी गल्लीतून शिट्टी वाजवत फिरल्या, आणि मी स्वतः बघितलंय, बँकेचा मॅनेजर तोंडात ब्रश धरून धावत आला.

मेहताकाकांनी मोटार दिली, पाइप दिला. माणूस दिलदार. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीला दार लागतं आणि दाराला कुलूप, त्यांच्या भाषेत ताळा. वाडीत एक झाड नव्हतं तेव्हा लोखंडी गेट आलं.

"बेन, गेट नाय तर कोणी बी येऊन बसेल," काका म्हणाले.

"त्यासाठीच करतोय ना काका."

"तसं नाय. आपले लोक बसले पायजे."

"आपले म्हणजे कोण?"

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तुम्ही समजून घ्या ने."

बाई समजल्या होत्या. गेट राहिलं, पण पहिल्याच दिवशी बाईंनी त्याचा ताळा काढला आणि चाव्यांसकट काकांच्या गल्ल्यावर नेऊन ठेवला. काका ताळा परत लावायचे, बाई परत नेऊन द्यायच्या. दोघांनी त्याबद्दल कधी तोंडाने भांडण केलं नाही. ताळा मात्र झिजला.

पावसाळ्यात लावणी झाली. बाईंना लवकर वाढणारं हवं होतं. गिरीपुष्पाचे दांडे रोवले, शेवगा, पांगारा, बदाम. वाढ बघायला बाई दिवसातून कितीदा यायच्या याला धरबंध नव्हता. त्यांची एक खोड अशी की रोपाने मूळ धरलं की नाही ते बघायला त्या ते हलवून बघायच्या. आणि हलवल्यामुळे ते धरायचं नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, पोरांना हलवून मोठं केलंत, झाडांना नका हलवू." त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि झाडं हलवणं चालूच ठेवलं.

चिकूची गोष्ट त्याच पावसाळ्यातली. बोर्डीचे वाडीवाले अण्णा बाईंचे जुने स्नेही. त्यांनी टेम्पोत घालून चिकूची दहा-बारा कलमं पाठवली. आमच्या पट्टीत चिकू बीपासून लावत नाहीत. रायणीच्या रोपावर चिकूची फांदी बांधतात, खाली रायण आणि वर चिकू. रायण म्हणजे छोट्या पिवळ्या गोड फळांचं रानचं झाड, चिवट आणि वाढीला कमालीचं मंद. कलम लावलं की जोडाच्या खालून रायणीचा फुटवा येतो, तो खुडायचा असतो. बोर्डी-घोलवडचं पोर चालायला लागलं की हे खुडायला शिकतं. पण बाई पूर्वेच्या, डोंगराकडच्या. सायवनच्या पलीकडे त्यांचा पाडा. तिकडे भात आणि नागली, तिथे कलम कोण बांधतो? बोर्डीला इतकी वर्षं नोकरी केली, पण चिकूच्या वाडीत त्या फक्त पोरांना शोधायला गेल्या.

लावल्यावर कलमं रुसली. वरची पानं माना टाकून बसली, आणि खालून कोवळे तजेलदार फुटवे आले. बाईंना मान टाकलेलं काही बघवत नाही. एका दुपारी कात्री घेतली आणि वरचं मरगळलेलं सगळं कापून टाकलं. संध्याकाळी मला दाखवायला नेलं. "बघ कशी हलकी झाली रोपं."

दिवाळीनंतर अण्णा बघायला आले. ओळीने फिरले, एका रोपाशी वाकले, दुसऱ्याशी वाकले, मग सरळ होऊन खिशातून रुमाल काढला.

"गावितबाई, हे काय केलंत?"

"काय केलं? मेलेलं काढलं, जितं ठेवलं."

"मेलं नव्हतं हो ते. चिकू होता तो. तुम्ही चिकू कापलात आणि रायण ठेवलीत!"

अण्णा हसायला लागले ते थांबेनात. मीही हसलो. बाईंचा चेहरा बघून थांबलो.

"सावली कधी देईल ही?" बाईंनी विचारलं.

"रायण? आमच्या बांधावर एक आहे. आजोबांनी लहानपणी बघितली तेव्हा जेवढी होती म्हणायचे, मला तेवढीच दिसते. तुमच्या-माझ्या हयातीत ही खांद्याला लागली तर मी पेढे वाटीन."

उन्हाळ्याच्या आत बाकीची रोपं वाळून गेली. गेटजवळच्या कोपऱ्यातली एक तेवढी राहिली, वीतभर, चार पानांची, जशी होती तशी. मी म्हटलं, "बाई, ही काढा आणि इथे बदाम लावा. कोपरा मोक्याचा आहे."

"नको."

"पण हिचा काय उपयोग?"

 बाईंच्या हातात पाइप होता, पाणी त्याच त्या रोपाला चाललं होतं. मग म्हणाल्या, "आमच्या घरामागे रायण होती. आई तिची फळं पळसाच्या पानात बांधून इथे आणायची विकायला. मी बरोबर असायची, एवढीशी. फळं विकली की आम्ही कुठेतरी ओट्यावर टेकायचो. कोणीतरी यायचं, ए, ऊठ. दुसरीकडे बसायचो. ए, ऊठ. मग आई मला म्हणायची, जाने, चालत राव. चालत्याला कोण उठवीत नाय. गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही नुसत्या गावातून चालायचो. भर उन्हात. लोकांना वाटायचं, कामाला चालल्यात."

पाणी आळ्याबाहेर वाहायला लागलं होतं. बाईंनी पाइप खाली टाकला आणि मोटार बंद करायला निघून गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. लहानपणापासून ज्या बाईंना बघतोय, त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, असं तेव्हा वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

उन्हाळा आला तशी हेमाबेन कधीही येईल अशी धाकधूक सुरू झाली. शेवगा आणि गिरीपुष्प माणसाएवढे झाले होते, बदामाला मोजून पानं होती. सावली म्हणावी अशी कुठेच नव्हती. बाईंना रात्री झोप नसायची, हे त्याच सांगायच्या. शेवटी त्यांनी नारळाची झापं आणवली आणि मधोमध मांडव घातला. खाली दोन माठ ठेवले. सायवनकडच्या बायका आधी गेटपाशी उभ्या राहिल्या. बाईंनी "हल!" म्हटलं तेव्हा आत आल्या. मग रोज येऊ लागल्या, मग नाक्यावर काम न मिळालेले मजूर येऊ लागले, मग रिक्षावाले डबा खायला. कोणी टोपलीवर डोकं ठेवून झोपायचं. मला समोरून ते सगळं दिसायचं आणि माझी स्वतःची डुलकी मात्र उडायची.

हेमाबेन आली ती भर दुपारी. मेहताकाकांना अर्धा तास आधी फोन आला होता. काका धावत वाडीत शिरले. बाई लांब टोकाला मोटारीशी झटापट करत होत्या.

"चला, चला, आज मॅडम येणार हाय. आज नाय बसायचं. उद्या या. टोपल्या उचला," काका म्हणत होते. मनात वाईट काही नव्हतं. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसं ते आवरत होते.

बायका लगेच उठल्या. एवढ्या पटकन उठल्या की बघवलं नाही. त्यातली एक म्हातारी, टोपली कमरेला घेऊन, इकडे तिकडे बघत म्हणाली, "बाय, आमी कठं जाव?" ती कोणाला विचारत होती कोण जाणे. बाई लांब होत्या. पण बाईंनी ते ऐकलं.

शिट्टी वाजली. लांब, न तुटणारी, शाळेच्या मैदानावर शेवटच्या कवायतीला वाजायची तशी. गेटमधून निघालेल्या बायका थांबल्या. रस्त्यावर रिक्षा थांबल्या. बाई मांडवाकडे चालत आल्या, पाठ ताठ, आणि त्यांचा तो पूर्वीचा आवाज निघाला.

"सगळे... खाली बस!"

आणि सगळे बसले. बायका होत्या तिथे बसल्या. मजूर बसले. दोन रिक्षावाले रिक्षातून उतरून रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले, दोघेही बोर्डीच्या शाळेचे. मी दुकानाच्या दारापर्यंत आलो होतो, पायरीवर बसलो. मेहताकाका बाईंचे विद्यार्थी नव्हते, पण आजूबाजूला कोणीच उभं नाही म्हटल्यावर पांढऱ्या पँटसकट तेही मातीत बसले. बाई तेवढ्या उभ्या.

त्याच वेळी गाडीतून हेमाबेन उतरली. तिने गॉगल काढला. "काही प्रोग्राम आहे का?"

"नाही. रोजचंच आहे," बाई म्हणाल्या.

हेमाबेनने वाडीभर नजर फिरवली. "झाडं तर अजून लहानच दिसतात."

"वाढतायत. माणसं आधी आली, त्याला मी काय करू?"

हेमाबेन मेहताकाकांकडे बघून हसली, काका पँट झटकत उठत होते. मग ती मांडवाखाली गेली. त्या म्हातारीने टोपलीत उरलेली करवंदं तिच्या ओंजळीत घातली. ती उभ्याउभ्याच खात राहिली, थोड्या वेळाने म्हातारीच्या शेजारी टेकली आणि तिच्याशी अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या मराठीत काहीबाही बोलत बसली. जाताना म्हणाली, पार्किंगवाल्यांना मी नाही म्हणून सांगते. त्या संध्याकाळी बाईंनी माझ्या दुकानात तीन कप चहा घेतला, उभ्याने.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण जागा पक्की झाल्याबरोबर गल्लीतल्या आम्हा लोकांची समितीही पक्की झाली. भिंतीला रंग लागला, दोन बाक आले, पाटी आली, तलासरीकडचा रमण नावाचा वॉचमन आला. पाटीवर लिहिलं, दुपारी बारा ते चार बंद. साफसफाईसाठी आणि, काकांच्या शब्दांत, "शिस्त राहावी म्हणून."

समितीच्या मीटिंगला बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. "अहो, सावली दुपारचीच लागते. सकाळी काय करायची ती? पाच वाजता तर सगळ्यांच्या अंगणात सावली असते."

"बेन, चार लोकांनी ठरवलं," काका म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता, पण हात वर होता. बाकीच्यांचेही हात वर होते. माझा नव्हता, पण एकट्याच्या हाताने काय होतं.

त्या पावसाळ्यात बाईंचा गुडघा गेला. डॉक्टरांनी चालणं बंद करा सांगितलं, बाईंनी डॉक्टर बदलला. दुसऱ्याने तेच सांगितलं. दुपारी गेट बंद असलं की बाई काठी टेकत गेटबाहेर उभ्या राहायच्या, आत बघत. सायवनकडच्या बायका परत माझ्या पत्र्याखाली येऊन उभ्या राहू लागल्या. मी खुर्च्या बाहेर ठेवल्या, तर त्या बसेनात. शेवटी बाईंचा भाचा आला आणि म्हणाला, मावशी आता आमच्याकडेच राहील. बाई हो म्हणाल्या. त्या हो म्हणाल्या तेव्हाच मी घाबरलो.

त्या सायवनला गेल्या आणि होळीच्या थोडं आधी तिकडेच गेल्या. बातमी मला त्या करवंदवाल्या म्हातारीने सांगितली. दुकानाच्या दारात उभी राहून तिने सांगितलं आणि मी तिच्या देखत रडलो.

वाडी आहे. बदामाखाली आता खरंच सावली पडते. मातीतून अजून फुग्यांचे तुकडे निघतात. दुपारी बंद ही पाटीही आहे तशी आहे. पण रमण दुपारी गेट लावत नाही. मेहताकाकांनी त्याला दोनदा हटकलं, तो दोनदा "लावतो" म्हणाला आणि लावलं नाही. काकांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. बायका आत बसतात. रमण का लावत नाही ते मला ठाऊक आहे, कारण मी समोरच बसलेला होतो.

बाई सायवनला निघायच्या आदल्या दिवसाची दुपार होती. ऑक्टोबरचं ऊन. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बाई एकट्याच आल्या, काठी टेकत. गेटची कडी काढली आणि आत गेल्या. मला वाटलं, रोपं हलवून बघायला आल्या. त्या कोपऱ्यातल्या रायणीपाशी थांबल्या. पिशवी खाली ठेवली. काठी ठेवली. मग एक हात भिंतीला धरून, वाकून, एकेक करून पायांतले बूट काढले, नीट जोडून ठेवले, आणि खाली बसल्या.

मी खुर्चीत पुढे झालो. खरंच बसल्या होत्या. मातीत, पाय लांब करून. त्या वीतभर रोपाची सावली त्यांच्या पायाच्या अंगठ्यालाही पुरत नव्हती. बाकं होती, बदाम होता, मांडवही होता. बाई उन्हात रायणीजवळ बसल्या होत्या आणि इकडे तिकडे बघत होत्या, नवीन गावात आल्यासारख्या.

मागच्या बाजूने रमण आला. नोकरीत तो तसा नवाच, आपल्या नियमाला घाबरलेला. बाईंची पाठ त्याच्याकडे होती.

"ओ बाई, उठा इथून. बंद आहे. उठा, उठा."

मी ताडकन उभा राहिलो. ओरडून सांगणार होतो, अरे, या कोण आहेत माहीत आहे का तुला? तेवढ्यात बाईंचा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी बोटांत धरली, आणि सोडली.

"नाही उठत," बाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण रस्ता इतका रिकामा होता की मला स्पष्ट ऐकू आलं.

"नियम आहे बाई. मला बोलतील."

"बोलू देत. कुठला तू?"

"तलासरीचा."

"आई बाजाराला यायची?"

रमणने हातातली काठी खाली केली. मग म्हणाला, "यायची."

"मग बस."

"ड्युटीवर आहे बाई मी."

"रोज उभाच असतोस. मी बघितलंय. बस."

त्याने गेटकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं. मी हळूच माझ्या खुर्चीत बसलो. मग त्याने टोपी काढली, काठी भिंतीला लावली आणि बाईंच्या शेजारी मातीत बसला.